सेकंडहँड फायबरची होडी घ्यायची आहे, बजेट दीड लाख (दिवा-ऐरोली खाडी)

चिंबोरी७२ | ३ मार्च २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

घर दिवा कोळीवाड्यात, नोकरी महापे एमआयडीसीत. बाबांची सागाची होडी होती. ती पोखरली तेव्हा सुतार शोधून शोधून दमलो, शेवटी मोडीत काढली. मग बाबा काकांच्या होडीवर जायचे. आता काकाही थकले आणि बाबा दिवसभर ओटीवर बसून जुनं जाळं विणतात, जे कुठल्याच होडीवर जाणार नाही. म्हणून ठरवलंय की एक छोटी फायबरची होडी घ्यायची. सुट्टीला बाबांना घेऊन खाडीत जायचं, फग (चिंबोऱ्यांचे सापळे) लावायचे, पाग (फेकायचं जाळं) टाकायचा. धंदा करायचा नाही, पण घरचं म्हावरं निघावं आणि पेट्रोल सुटावं एवढी अपेक्षा.

बजेट इंजिनासकट दीड लाख. ताणलं तर पावणेदोन, पण घरी दीडच सांगितलंय.

आत्तापर्यंत तीन कळल्या आहेत:

करंजाची १८ फुटी, १५ एचपीचं ओबीएम (मागे बाहेरून टांगायचं इंजिन), मागतोय एक लाख साठ. फोटोत चकाचक दिसते. "आत्ताच रंग मारलाय, नेऊन पाण्यात टाका" म्हणतो.

भाईंदरची २२ फुटी, आत डिझेल इंजिन, सव्वादोन लाख. इंजिन नको असेल तर लाखाला देतो.

आणि आमच्याच गावात एक नुसता सांगाडा, १७ फुटी, चार वर्षं उलटा पडलाय. बाबांच्या ओळखीतले आहेत. चाळीस हजार म्हणाले.

लाकडाची होडी बाबांना कळते. फायबरचं दोघांनाही काही कळत नाही. काय बघायचं, कसं बघायचं?

---

अर्धवट_इंजिनीअर | ३ मार्च, रात्री ११:१५

स्वागत. भाईंदरची आधी यादीतून काढा. २२ फूट दोघांना ओढायला जड, आणि ती आणणार कशी? नकाशात उल्हास आणि ठाणे खाडी कळव्यापाशी जोडलेली दिसते म्हणून आतून आणता येईल असं वाटेल, पण तिथे इतकं अरुंद आणि गाळाचं आहे की नाद सोडा. म्हणजे ट्रेलर किंवा मोठा टेम्पो. त्यात चार पैसे जातील.

करंजाचे फोटो टाका.

---

तांडेल_काका | ४ मार्च, सकाळी ६:०५

दादूस, एकच इचारतो. मार्चान कोन रंग मारतंय? आमी रंग मारतो त नारली पुनवेच्या आदी, बोट पान्यान उतरवाच्या टायमाला. आता मारलाय, म्हंजे इकाला मारलाय. रंगाच्या खाली काय हाय ते बग.

---

चिंबोरी७२ | ४ मार्च, दुपारी १:२०

काका, हे डोक्यातच आलं नाही! बाबांना सांगितलं तर ते नुसते हसले. म्हणजे त्यांना माहीत होतं आणि बोलले नाहीत.

---

रेझिनवाला | ४ मार्च, रात्री ९:५०

वीस वर्षं एफआरपीचं, म्हणजे फायबरचं, काम करतोय, टीटीसीत (ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात). टाक्या, डक्ट, पत्रे, मध्ये काही वर्षं होड्याही केल्या. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन, थरावर थर. बाहेरून दिसतो तो गुळगुळीत जेलकोट, साच्याला पहिला लावतात तो. जेलकोट अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास. तो फुटला म्हणजे होडी फुटली असं नाही. पण त्या फटीतून पाणी आत जायला लागतं आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

सगळ्यात आधी मागची फळी, जिच्यावर ओबीएम टांगतात, ट्रान्सम. ती नुसती फायबरची नसते. आत प्लायवूड असतं, दोन्ही बाजूंनी फायबरने मढवलेलं. इंजिनाचे बोल्ट, पाणी काढायच्या खालच्या प्लगचं भोक, यातून पाणी शिरलं की प्लाय कुजतं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. सागाला कीड लागली तर बाबांना वासावरूनही कळेल. इथे चार वर्षं आत भुसा होत राहतो आणि वरून रंग तसाच चकाचक.

कसं ओळखायचं? स्क्रूड्रायव्हर उलटा धरा आणि मुठीने ठोकत जा. चांगल्या जागी टक्‌ टक्‌ असा कोरडा आवाज येतो. कुजलं असेल किंवा थर सुटले असतील तर ढप्‌ ढप्‌. आधी अशा जागी ठोका जिच्याबद्दल शंका नाही, म्हणजे कान बसतो. मग मागे या. दुसरं, इंजिन अर्धं वर करून त्याचा पाय धरून दाबा. फळी हलता कामा नये. कडेला केसासारखी फट उघडताना दिसली तर विषय संपला. तिसरं, मालक तयार असेल तर एक बोल्ट काढा आणि भोकात जाड तार घालून फिरवा. पांढरा कोरडा भुसा आला तर ठीक. काळपट ओला लगदा आला तर नमस्कार करून घरी या.

नंतर तळ. होडी ओढून ओढून पठाणाची (तळाच्या मधल्या कण्याची) बाजू झिजते. काँक्रीटच्या धक्क्यावर आणि कालवांच्या शिंपल्यांवर तर किसणीसारखी. जेलकोट गेला की पांढरट तंतू दिसतात. हे वाईट दिसतं पण बरं करता येतं. घासून, ॲसिटोनने पुसून, ४५० ग्रॅमच्या मॅटचे दोन-तीन थर. नवं पॉलिएस्टर जुन्याला आपोआप धरत नाही, जुनं नीट खरवडलं तरच धरतं. घाईत वरून लावलेलं ठिगळ दोन महिन्यांनी पापडासारखं निघतं.

फोड. पाण्याखालच्या भागावर मुगाएवढे, कधी रुपयाएवढे. टोचला आणि व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पाणी रेझिनमध्ये मुरून रसायन तयार झालंय. पाच-दहा असले तर घाबरू नका, तळभर असतील तर सोडा.

कोळीकिड्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा एखाद्या कोपऱ्यात असल्या तर कुठेतरी आपटलीय एवढंच. पण आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या बरोबर रेषेत लांब चीर असेल तर होडी लाटेवर वाकतेय. ती घेऊ नका.

आणि पुट्टी. गाडीच्या गॅरेजातली पुट्टी लावून, वर रंग मारून विकणारे खूप. लोहचुंबक इथे कामाचं नाही, कानच कामाचा.

---

निवटी | ४ मार्च, रात्री १०:३०

रेझिनवाला, प्रतिसाद प्रिंट काढून ठेवण्यासारखा. वाचनखूण साठवली.

मागच्या फळीबद्दल माझा अनुभव. २०१९ मध्ये घेतलेली, सव्वा लाखाला, रंग ताजा. तीन महिन्यांनी वाशी पुलाच्या अलीकडे इंजिनाच्या पंख्यात गोणपाट अडकलं. झटका बसला आणि इंजिन फळीसकट मागे झुकलं. पडलं नाही एवढंच, कारण मेव्हण्याने मिठी मारली. शब्दशः मिठी. गरम इंजिनाला. हातावर डाग अजून आहे. वल्ही मारत सारसोळ्यापर्यंत आलो, पाणी उलटं. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "माझ्याकडे असताना काही झालं नव्हतं." खरंच असेल. त्याने इंजिन लावून चालवलीच नसेल.

---

सानपाडा_लोकल | ५ मार्च, सकाळी ११:००

बाहेरच्या माणसाचा भाबडा प्रश्न: मी कोळी नाही, गळ टाकायची हौस आहे. अशी जुनी मासेमारीची होडी मी घेतली तर चालते का? की सरळ कायाक घेऊ?

---

पागवाला | ५ मार्च, दुपारी ३:४५

चालत नाही असं नाही, पण नोंदणीची वाट बदलते. मासेमारी नौका मत्स्यव्यवसाय विभागाकडे, हौशी किंवा प्रवासी नौका मेरिटाइम बोर्डाकडे. मासेमारीच्या नावावरची होडी घेऊन हौसेला फिरवली तर सागरी पोलिसांनी अडवल्यावर दाखवणार काय? २००८ ला 'कुबेर' ट्रॉलर पळवून अतिरेकी मुंबईत आले, तेव्हापासून नंबर नसलेली, कागद नसलेली होडी म्हणजे संशय. आम्हा मच्छीमारांनाही ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं. तुम्हाला कायाकच बरी. चिडवत नाही, खरंच.

धागाकर्त्यासाठी. मी आमच्या मच्छीमार सोसायटीच्या कमिटीत बरीच वर्षं होतो, त्यावरून सांगतो, कागद बघितल्याशिवाय ठोकाठोकी करायलाही जाऊ नका. नाळेवरचा (होडीच्या पुढच्या टोकावरचा) आयएनडी-एमएच ने सुरू होणारा नंबर आणि नोंदणीच्या दाखल्यावरचा नंबर एकच आहे का? दाखल्यावरची लांबी-रुंदी टेपने मोजा. जुन्या मोडलेल्या होडीचा नंबर दुसऱ्या होडीवर रंगवलेला मी पाहिलाय. मालकाच्या नावावर आहे की मेलेल्या बापाच्या? भावांच्या सह्या लागतील. बोटीवर सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज आहे का? बोजा उतरल्याचं पत्र घेतल्याशिवाय इसारही देऊ नका. इंजिनाचं बिल वेगळं मागा आणि इंजिनावरचा नंबर जुळवा. ओबीएम चोरीला जाणारी वस्तू आहे, दोन माणसं रात्रीत काढून नेतात.

तुम्ही स्वतः सोसायटीचे सभासद आहात का? नसाल तर बाबांच्या नावावर घ्या. पुढचं सगळं सोपं जाईल.

---

चिंबोरी७२ | ५ मार्च, रात्री ९:१०

बाबा सभासद आहेत, पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्यात. होळी झाली की करंजाला जातो. कुठल्या वेळी जाऊ?

---

तांडेल_काका | ६ मार्च, सकाळी ५:५०

पुनवेनंतर बीजेला जा. तिथीची पाऊनपट कर. दोनाची पाऊनपट दीड, दीडला भरती. मंग सकाली साडेसाताला सुकती. उधानाची सुकती हाय, बोट पुरी गालान बसेल, तल दिसेल. अष्टमीला गेलास त भांगाचं पानी, ना धड भरती ना धड सुकती. नि बापाला ने. तो बोलनार नाय, पन ने.

---

सानपाडा_लोकल | ६ मार्च, सकाळी १०:२०

तिथीची पाऊणपट! आठवा दिवस म्हणजे सहा वाजता भरती, पौर्णिमा म्हणजे सव्वाअकरा. मी तीन वर्षं ॲप वापरतोय. 🙏

---

अर्धवट_इंजिनीअर | ८ मार्च, रात्री ११:४०

इंजिनाचं माझ्याकडून.

पोचल्या पोचल्या आधी इंजिनाला हात लावा. गार पाहिजे. तुम्ही यायच्या आधी चालवून ठेवलं असेल तर थंड इंजिन किती ओढल्यावर लागतं ते कळणार नाही. मागून पाण्याची धार येते का? ती थंडाव्याची खूण. बारीक किंवा तुटक येत असेल तर आतला रबरी पंखा गेलाय. आपल्या खाडीत गाळच इतका की तो लवकर झिजतो, शिवाय प्लास्टिकची पिशवी पाणी ओढायच्या जाळीवर बसली की पाच मिनिटांत इंजिन तापतं. खालचा स्क्रू काढून गिअर ऑइलचे दोन थेंब बघा, दुधासारखे झाले असतील तर पाणी शिरलंय. मेकॅनिक नेलात तर दोन्ही सिलेंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती यापेक्षा दोघांत फरक किती ते महत्त्वाचं, दहा टक्क्यांच्या आत हवा.

आणि मागच्या फळीची उंची मोजा. शॉर्ट शाफ्ट साधारण १५ इंचाला, लाँग शाफ्ट २० ला. उथळ खाडीत लांब पाय घेऊन गेलात तर पंखा गाळ ढवळत बसेल.

---

घोडबंदरकर | ९ मार्च, सकाळी ८:३०

ओबीएमच का पण? डिझेल घ्या. पेट्रोल पिऊन पिऊन दिवाळं निघेल. माझं डिझेल बारा वर्षं चाललंय.

---

अर्धवट_इंजिनीअर | ९ मार्च, सकाळी ९:०५

तुम्ही रोज जाता, हे महिन्यातून चारदा. डिझेलला तळातून पंख्याचा दांडा काढावा लागतो, त्याचं ग्लँड (पाणी आत येऊ न देणारा सांधा) सांभाळायचं, वजन वेगळं. आणि पाणी सुकल्यावर ओबीएम वर उचलता येतं. तुमचा दांडा गाळात रुतल्यावर काय उचलणार?

---

घोडबंदरकर | ९ मार्च, सकाळी ९:२०

आम्ही रुतवतच नाही 😄 पण रोज जायचं नसेल तर बरोबर आहे तुमचं. केरोसीनवर चालणारी ओबीएमही असतात, चालू पेट्रोलवर आणि मग केरोसीन. धूर फार.

---

निवटी | ९ मार्च, सकाळी ११:५०

अवांतर: जिताडा मिळाला तर इथे पाककृती टाकायची, धाग्याचा नियम आहे.

---

चिंबोरी७२ | १६ मार्च, रात्री ८:३५

करंजाहून आलो. मोठा वृत्तांत आहे.

बाईकवर बाबांना मागे बसवून पहाटे साडेपाचला निघालो. साडेसातला पोचलो तेव्हा काकांनी सांगितल्यासारखी होडी पूर्ण गाळात बसलेली. आधी इंजिनाला हात लावला. गरम! मालक म्हणाला, सकाळी सहज चालवून बघितलं. ओहोटीच्या वेळी, गाळात, सहज.

नोंदणी त्याच्या नावावर, नंबर बरोबर, लांबी बरोबर. इंजिनाचं बिल नाही. इंजिनावरची नंबराची पट्टी कुणीतरी खरवडलेली. विचारलं तर "खाऱ्या पाण्याने गेली."

मग ठोकाठोकी. बाजूंना टक्‌ टक्‌. मागच्या फळीच्या उजव्या हाताला ढप्‌. मला वाटलं भास होतोय, म्हणून बाबांना डोळे मिटून ऐकायला सांगितलं. त्यांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. बोल्ट काढू का विचारलं तर मालक तापला, "घ्यायची तर घे, बोट फोडायला आलास का?" प्लगच्या भोकात सायकलची तार घातली. काळं पाणी आणि लगदा. तो हातावर घेऊन बाबांनी वास घेतला आणि गाळात पुसला. एक शब्द नाही.

मी निघायला लागलो, बाबा म्हणाले थांब. पाणी येईपर्यंत थांबलो, साडेअकरा वाजले. होडी तरंगली तेव्हा आत कोणी नाही, इंजिनही वर केलेलं, तरी मागची बाजू चांगली चार बोटं खाली. बाबा म्हणाले, "पाणी पिऊन बसलीय." मग निघालो. उरणला नाश्ता केला, तो या शोधातला एकमेव फायद्याचा व्यवहार.

---

रेझिनवाला | १६ मार्च, रात्री ९:००

बाबांना माझा नमस्कार सांगा. रिकामी तरंगवून बघणं मी लिहायला विसरलो होतो. मागची पोकळी, फोम, प्लाय, कुठेही पाणी साठलं की कललेली दिसणारच.

आता गावातल्या सांगाड्याकडे वळा. चार वर्षं उलटा, म्हणजे चार वर्षं वाळत पडलेला. उन्हाने जेलकोट भुकटीसारखा झाला असेल, हात फिरवला की पांढरा होईल. तेवढं चालतं.

एक युक्ती. सरळ करून खाली टायर ठेवा आणि आत पाणी ओता. वीतभर पुरे, जास्त नको, वजनाने तळ वाकेल. तासाभराने खालून बघा, जिथे पाझरेल तिथे खडूने गोल करा. बाहेरून पाणी कुठून आत येतं ते शोधण्यापेक्षा आतलं कुठून बाहेर जातं ते शोधणं सोपं.

---

चिंबोरी७२ | २३ मार्च, रात्री १०:१५

सांगाडा सरळ करायला आठवडा गेला, कारण खाली कुत्रीने पिल्लं घातलेली आणि आई म्हणाली, डोळे उघडेपर्यंत हात लावायचा नाही. उघडले.

पाणी भरलं. मागच्या फळीच्या खालच्या सांध्याला एक मोठा पाझर, पठाणाच्या बाजूला दोन छोटे. फळी दोन ठिकाणी ढप्‌. बाकी सगळीकडे टक्‌. फोड एकही नाही. तळ नाळेपासून मागेपर्यंत हातभर रुंदीत झिजलेला, तंतू दिसतात. इंजिन नाही, वल्ही नाहीत.

मालक काकांचा मुलगा नोकरीला लागला, म्हणून पडून होती. दाखला आहे, परवाना संपलेला, कर्ज नाही. बाबा त्यांच्या ओटीवर दोन तास बसले, मला घरी पाठवलं. परत आले ते बत्तीस हजारांवर. आणि पहिल्या चिंबोऱ्यांतल्या दोन त्यांना.

घेऊ का?

---

पागवाला | २३ मार्च, रात्री १०:२५

घ्या. आधी सोसायटीतून पत्र, मग पैसे.

---

रेझिनवाला | २३ मार्च, रात्री १०:५०

घ्या. फळी दुरुस्त करू नका, नवी घाला. आतल्या बाजूचं फायबर कापून कुजलेलं सगळं काढा, बाहेरची कातडी तशीच ठेवा. १८ मिलीचे दोन मरीन प्लाय एकमेकांना चिकटवून बसवा, भोकांच्या कडा आतून रेझिनने बंद करा, मग मॅट चढवा. साधं घरगुती प्लाय वापरू नका. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन धरा.

सगळं पाऊस यायच्या आत. दमट हवेत नीट जमत नाही. एप्रिलच्या उन्हात उलटा प्रश्न, डब्यातच घट्ट होतं. हार्डनर एक टक्क्याच्या जवळ ठेवा, सकाळी लवकर काम करा, एका वेळी थोडंच कालवा.

आणि हे ठळक वाचा: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, त्यानंतर हार्डनर. दोन बाटल्या एका पिशवीतही ठेवू नका. माझ्या ओळखीतल्या एका पोराच्या भुवया गेल्या, तो नशीबवान.

---

सानपाडा_लोकल | २४ मार्च, सकाळी ९:३०

मत्स्यसंपदा योजनेतून नवी बोट नाही का मिळत? अनुदान असतं ना?

---

पागवाला | २४ मार्च, दुपारी १२:१०

असतं. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०. पण उरलेले स्वतःचे घालावे लागतात, वर अर्ज, मंजुरी, थांबणं. रोज दर्यावर जाणाऱ्याने जरूर करावा. रविवारच्या दोन चिंबोऱ्यांसाठी कशाला दुसऱ्याची जागा अडवायची, असं माझं मत.

---

तांडेल_काका | १९ एप्रिल, सकाळी ६:१५

धागा वर आनतो. पोराचा पत्ता नाय. बोट झाली का?

---

चिंबोरी७२ | २० एप्रिल, रात्री ९:४०

आहे काका, हातांची खाज जात नाही म्हणून टाइप करत नव्हतो. घासकामाला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क लावा हे कोणी लिहिलंच नाही! काचेची भुकटी तीन दिवस अंगात टोचत होती. आईने कपडे वेगळे धुतले आणि मलाही जवळजवळ वेगळंच ठेवलं.

फळी कापली तेव्हा आतून प्लाय चमच्याने काढलं. चहाच्या चोथ्यासारखं. नवी फळी बसली, सांधा बंद झाला, तळाला तीन थर दिले. मॅट सहा किलो, रेझिन पंधरा किलो. पहिल्या दिवशी अर्धा डबा घट्ट होऊन वाया गेला, रेझिनवाला दादांचं न ऐकल्याचा दंड. मग रबाळ्याचा एक कारागीर बोलावला, त्याने दोन सकाळींत केलं.

इंजिन मिळालं. दोन सिलेंडरचं टू-स्ट्रोक, ९.९ एचपी, शॉर्ट शाफ्ट, बिलासकट, चौऱ्याहत्तर हजार. गार होतं, तिसऱ्या ओढीला लागलं. कॉम्प्रेशन दोन्हीकडे जवळजवळ सारखं.

---

चिंबोरी७२ | १२ मे, संध्याकाळी ७:२०

आज बुद्धपौर्णिमेची सुट्टी, पाऊणपटीने सव्वाअकराची भरती. दहाला उतरवली.

बाबांनी नारळ फोडला. मला वाटलं इंजिनाजवळ बसतील, पण नाळेवर जाऊन बसले आणि तिथून हातानेच डावं-उजवं सांगत होते. अभयारण्याच्या बाजूला गेलो नाही, गावाच्याच बाजूने खाली उतरलो. फ्लेमिंगो अजून आहेत, थोडे.

अठरा फग, अकरा चिंबोऱ्या, त्यातल्या तीन एवढुशा होत्या त्या परत सोडल्या. पागात थोडे बोईट आणि बरंच प्लास्टिक. एकदा पंख्यात पिशवी अडकली, पण इंजिन वर उचलून दोन मिनिटांत काढली. निवटी, तुमच्या मेव्हण्यांची आठवण आली.

हिशेब, कुणाला उपयोग होईल म्हणून: सांगाडा ३२,०००. रेझिन, मॅट, प्लाय, ॲसिटोन ९,५००. मजुरी ७,०००. इंजिन ७४,०००. रंग, दोर, नांगर, वल्ही, तीन लाइफ जॅकेटं ११,५००. कागदपत्रं आणि धावपळ ४,०००. एकूण १,३८,०००. जॅकेटांवर बाबांनी नाक मुरडलं, पण डिसेंबरात एलिफंटाची बोट बुडाली ते आईने टीव्हीवर पाहिलंय, त्यामुळे वाद झाला नाही.

---

घोडबंदरकर | १२ मे, रात्री ८:००

अभिनंदन! बारा हजार उरले की. डिझेलसाठी साठवा 😄

---

निवटी | १२ मे, रात्री ८:१५

मेव्हण्याला धागा दाखवला. म्हणतो, जिताडा कुठाय?

---

रेझिनवाला | १२ मे, रात्री १०:३०

छान. आता एक काम. चार-पाच फेऱ्या झाल्या की फळीचा एक बोल्ट काढून भोक बघा. कोरडं असेल तर बोल्टाला सीलंट लावून परत घट्ट करा. दरवर्षी करा.

---

तांडेल_काका | २७ मे, सकाळी ६:००

कालच पाऊस आला, सोला दिस आदी. एक जूनची बंदी लांब राह्यली नि आबाल आदी फाटला. बोट वर वढलीस काय? शाकारलीस काय?

---

चिंबोरी७२ | २७ मे, रात्री ९:०५

ओढली काका, परवा संध्याकाळीच. बाबांना वाऱ्यावरून कळलं होतं, मी उगाच ॲप बघत बसलो. इंजिन गोड्या पाण्याने धुऊन घरात आणलं, आता सोफ्याच्या मागे आहे, त्यावरून घरात स्वतंत्र धागा चालू आहे.

बोल्ट काढून बघितला, भोक कोरडं. होडी यंदा उलटी केली नाही, टायरांवर सरळच ठेवलीय, नाळ जरा उंच. खालचा प्लग काढून ठेवलाय म्हणजे आत पडलेलं पाणी मागून निघून जाईल. वरून ताडपत्री. एक कोपरा सुटला होता म्हणून आत्ता टॉर्च घेऊन बांधायला गेलो, तर कुत्री पिल्लांना घेऊन परत तळाखाली येऊन झोपलीय.